गाडी थांबली की एसी गरम का होतो?

प्रश्न : नमस्कार काका. आमची नऊ वर्षं जुनी पेट्रोल गाडी आहे, छोटीच. वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी भुसावळहून जळगावला न्यावं लागतं आणि गाडी मीच चालवते. हायवेवर एसी बऱ्यापैकी गार लागतो. पण अजिंठा चौफुलीच्या गर्दीत थांबलं, की दोन-तीन मिनिटांत जाळीतून कोमट वारा यायला लागतो. आकाशवाणी चौकापर्यंत बाबा घामाघूम होतात. मार्चमध्ये गॅरेजवाले म्हणाले गॅस कमी झालाय, म्हणून भरून घेतला. तेव्हा अवकाळी पाऊस होता, चार दिवस बरं वाटलं. ऊन तापलं तसं पुन्हा तेच. एप्रिलमध्ये दुसऱ्यांदा गॅस भरला, तर आता पूर्वीपेक्षाही लवकर गरम होतं. आता म्हणतात कॉम्प्रेसर गेला, अठरा हजार लागतील. करून टाकू का?
— एक वाचक भगिनी, भुसावळ

उत्तर : ताई, आत्ता करू नका. अठरा हजार रुपये हातचे सोडण्याआधी अर्ध्या तासाची तपासणी करायची आहे. त्यातली बरीचशी तुम्ही स्वतः घराच्या अंगणात करू शकता.

तुम्ही दोन गोष्टी लिहिल्यात, त्या फार मोलाच्या आहेत. एक, गाडी पळताना गार आणि थांबली की गरम. दोन, दुसऱ्यांदा गॅस भरल्यावर त्रास वाढला. या दोन्ही एकत्र वाचल्या की माझा पहिला संशय कॉम्प्रेसरवर जात नाही. तो जातो बोनटखालच्या पंख्यावर.

आधी गॅसचं बोलू, कारण आपल्याकडे सगळी गडबड तिथेच सुरू होते. एसीतला गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो जळत नाही, खर्च होत नाही. बंद नळ्यांतून तोच तो गॅस फिरत राहतो. कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होते, तेव्हा तो केबिनमधली उष्णता ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबून पुढच्या कंडेन्सरमध्ये ढकलतो आणि तिथे ती उष्णता बाहेरच्या हवेत सोडून तो परत द्रव होतो. तुमच्या गाडीत बहुधा आर-१३४ए नावाचा गॅस असेल. छोट्या गाडीत तो साधारण ३५० ते ५०० ग्रॅम बसतो. नेमका आकडा बोनटच्या आतल्या बाजूच्या स्टिकरवर छापलेला असतो. वर्षानुवर्षांत जोडांतल्या रबरी कड्यांतून, म्हणजे ओ-रिंगांतून, थोडासा झिरपतो हे खरं, पण दीड महिन्यात दोनदा गॅस ‘कमी’ होत असेल तर दोनच शक्यता उरतात. एकतर कुठेतरी गळती आहे, नाहीतर तो कमी झालेलाच नव्हता.

तुमच्या गाडीत मला दुसरी शक्यता दिसते. गळती असती तर हायवेवरही गारवा कमी कमी होत गेला असता, आणि गॅस भरल्यावर निदान काही दिवस चौफुलीवरही फरक पडला असता. पहिल्या वेळी जे चार दिवस बरे गेले, ते मला वाटतं गॅसने नव्हे, ढगाळ हवेने दिले.

आता कंडेन्सर. ही रेडिएटरच्या पुढ्यात, ग्रिलच्या मागे बसवलेली पातळ पन्ह्यांची, म्हणजे धातूच्या बारीक पट्ट्यांची जाळी. तिच्यातून वारा गेला तरच उष्णता बाहेर पडते. ताशी ६०-७० किलोमीटरने गाडी पळत असते तेव्हा समोरून येणारा वाराच पुरेसा असतो. गाडी थांबली की सगळी भिस्त पंख्यावर. पंखा फिरत नसेल किंवा मंद फिरत असेल, तर कंडेन्सरमधली उष्णता तिथेच तुंबते आणि दाब चढू लागतो. बाहेर ४० अंश असताना निरोगी गाडीत कॉम्प्रेसरच्या पुढचा, कंडेन्सरकडचा दाब साधारण २५० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) आसपास असतो. पंख्याशिवाय तो ४०० च्या पुढे जातो, आणि मग प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करून टाकतो, नळ्या फुटू नयेत म्हणून. तुमच्या केबिनमधल्या जाळीतून कोमट वारा येतो तो त्या वेळी. गाडी सुटली, वारा लागला, दाब उतरला की कॉम्प्रेसर परत चालू.

अशा गाडीत वरून आणखी गॅस भरला तर काय होईल? जास्तीचा द्रव कंडेन्सरच्या खालच्या भागात साचतो. म्हणजे उष्णता सोडायला जी जागा होती तीही घटते, दाब आणखी लवकर चढतो आणि कॉम्प्रेसर आणखी लवकर बंद पडतो. दुसऱ्या भरणीनंतर तुमचा त्रास वाढला, तो यामुळेच असावा.

तुम्ही म्हणाल, गेज लावूनच गॅस भरला होता. बहुधा लावलाही असेल. पण गेज दाब दाखवतं, वजन दाखवत नाही. स्वयंपाकघरातला सिलेंडर आठवा. भरलेला असो की पाव राहिलेला, शेगडीची ज्योत तेवढीच असते. म्हणून किती उरलाय हे बघायला आपण सिलेंडर हलवून, उचलून बघतो, आणि कंपनी तो १४.२ किलो वजनानेच देते. एसीचंही तसंच. बंद गाडीत, ४० अंशांना, नळ्यांत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी गेज १३० पीएसआयच्या आसपासच थांबतं. गॅस मोजायचा तो वजनकाट्यावर, ग्रॅममध्ये.

आता तपासणी. दुपारी, गाडी सावलीत लावून. साडीचा पदर, ओढणी, केस, हात यातलं काहीही पंख्याजवळ नेऊ नका. तो इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. बोनट उघडा, गाडी चालू करा, एसी पूर्ण लावा आणि कुणाला तरी आत बसवून तुम्ही समोर उभ्या राहा. काही गाड्यांत दोन पंखे असतात, काहींत एकच. एसी लावल्यावर साधारण अर्ध्या-एक मिनिटात पंखा जोरात फिरायला हवा. फिरलाच नाही, किंवा फिरतो पण पाती मोजता येतील इतक्या संथ, तर उत्तर तिथेच मिळालं.

पंखा फिरतोय असं वाटलं तरी एक परीक्षा करा. आतल्या जाळीत साधा डिजिटल थर्मामीटर अडकवा. हवा कोमट व्हायला लागली की बाटलीने किंवा नळीच्या हलक्या धारेने समोरून, ग्रिलमधून कंडेन्सरवर पाणी सोडा. फक्त पुढून, इंजिनवर नाही. दोन-तीन मिनिटांत आकडा भराभर उतरू लागला, तर दोष उष्णता बाहेर पडण्यातला : पंखा, कंडेन्सरच्या पन्ह्यांत बसलेली माती आणि किडे, किंवा जास्तीचा गॅस.

थकलेला कॉम्प्रेसरही उभ्या गाडीत कमी गार करतो, हे मी लपवणार नाही. म्हणून तिसरी परीक्षा. गाडी उभीच ठेवून ॲक्सिलरेटर हलका दाबून आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, दीड-दोन हजारांवर धरा. नुसत्या वेग वाढवण्याने हवा गार झाली आणि पाण्याने काही फरक पडला नाही, तर कॉम्प्रेसरकडे बघायला हवं. पाण्याने गार झाली आणि आरपीएमने झाली नाही, तर कॉम्प्रेसरला हात लावू देऊ नका.

पंखाच दोषी निघाला तर गॅरेजमध्ये आधी फ्यूज, मग रिले, म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच, बघायला सांगा. रिले बघणं सोपं असतं. त्याच नंबरचा दुसरा रिले, बऱ्याच गाड्यांत हॉर्नचाच चालतो, तिथे लावून बघायचा. मग मोटरला थेट १२ व्होल्ट द्यायचे. फिरत नसेल आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकल्यावर फिरू लागली, तर मोटरच्या आत वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेत. नऊ वर्षांच्या गाडीत हे मी सर्वात जास्त वेळा पाहिलंय. नवी मोटर कॉम्प्रेसरच्या मानाने फार थोडक्यात होते. पण मोटर बदलून थांबू नका. आतला सगळा गॅस मशीनने काढून, व्हॅक्यूम करून (म्हणजे नळ्यांतली हवा आणि बाष्प पंपाने ओढून घेऊन), स्टिकरवरच्या वजनाने पुन्हा भरायला हवा. गॅरेजवाल्यांना एवढंच विचारा : “किती ग्रॅम निघाला आणि किती ग्रॅम भरला?” ज्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर नाही, त्याच्याकडे एसीचं काम देऊ नका. भले तो बाकी कामात कितीही चांगला असो.

हे इतक्या आग्रहाने लिहितोय त्याला कारण आहे. नागपुरात या कामाला लागून मला दहा वर्षंही झाली नव्हती, तेव्हाची गोष्ट. २००१ चा मे महिना होता. एका निवृत्त शिक्षकांची गाडी आली, तक्रार तंतोतंत तुमच्यासारखी. गेज लावलं, काटा चढला, कॉम्प्रेसर बंद पडला. मी सांगितलं, कॉम्प्रेसर गेला. त्यांनी पेन्शनमधून पैसे काढले, मी नवा कॉम्प्रेसर बसवला. चौथ्या दिवशी सर परत आले, गाडी तशीच. मग कुठे मी पंख्याकडे पाहिलं. रिलेचे पॉइंट जळले होते. त्या काळी शंभर-सव्वाशे रुपयांचा रिले. सरांचे पैसे मी पाच हप्त्यांत परत केले, त्यांनी एका शब्दाने दुखावलं नाही. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या कुठल्याही गाडीला गेज लागण्याआधी पंखा बघितला जातो. माझ्या हाताखाली शिकलेली मुलं आज अकोला, अमरावती, चंद्रपूरला काम करतात, त्यांनाही मी पहिल्या दिवशी हेच शिकवलं.

दुरुस्ती होईपर्यंत बाबांसाठी : सेंटरवर सकाळची पाळी मिळते का ते विचारा. त्यांना पाणी मोजून प्यावं लागत असेल, त्यामुळे ऊन लागलं तर भरपाई करणंही सोपं नाही. एसीकडे चैन म्हणून कुणी बघत असेल तर ते तुम्ही मनावर घेऊ नका. निघण्याआधी चारही काचा उघडून गाडीतली कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्या, मग आतली हवा फिरवण्याचं बटण दाबून एसी लावा. मागच्या काचांना जाळीचे पडदे लावा. आणि चौफुलीवर हवा कोमट झाली की एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, गाडी सुटली की परत लावा. वारंवार चढणाऱ्या दाबाखाली चांगला कॉम्प्रेसर खरंच जाईल, तो वाचवायचाय.

पंख्याचं काय निघालं आणि अजिंठा चौफुलीवर थर्मामीटर किती दाखवतो, ते कळवा. बाहेर ४० असताना उभ्या गाडीत १५ च्या आसपास आलं तरी मला समाधान आहे.

प्रश्न : एक्स्प्रेसवेने मुंबईला जाताना तासाभराने एसीचा झोत अगदी कमी होतो आणि हवा गरम वाटते. ब्लोअरचा आवाज मात्र पूर्ण येतो. फूड मॉलला वीस मिनिटं थांबलो की पुन्हा छान गार. गॅस भरायचा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या कूलिंग कॉइलवर बर्फ जमतोय. कॉइलच्या पन्ह्या बर्फाने बुजल्या की ब्लोअर कितीही ओरडला तरी हवा पलीकडे जात नाही. तुम्ही थांबता तेवढ्यात बर्फ वितळतो. त्या वेळी गाडीखाली नेहमीपेक्षा जास्त पाणी सांडतं का ते बघा.

सर्वात आधी ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर काढून उजेडात धरा. आरपार उजेड दिसला नाही तर बदला, ते काम तुमचं तुम्हाला जमेल. फिल्टर स्वच्छ असूनही बर्फ होत असेल, तर कॉइलचं तापमान मोजणारा छोटा सेन्सर चुकतोय. कॉइल शून्याजवळ गेली की कॉम्प्रेसर थांबवणं हे त्याचं काम. गॅस थोडा कमी असला तरीही बर्फ होऊ शकतो, पण तो तपासायचा शेवटी. प्रवासात झालंच तर एसीचं बटण बंद करून ब्लोअर दहा मिनिटं पूर्ण चालवा. झोत परत आला की समजा, बर्फच होता.

प्रश्न : मालवणला माझी टुरिस्ट गाडी आहे, मोपा विमानतळाची भाडी करतो. एसीत गॅस भरला की तीन आठवड्यांत गरम हवा. एक जण म्हणतो गळती बंद करणारा डबा सोडू. दुसऱ्याकडे स्वस्तातला गॅस आहे, म्हणतो दर महिन्याला भरत राहू, तेच परवडेल. काय करू?
— एक वाचक, मालवण

उत्तर : दादा, दोन्ही नको.

गॅस तीन आठवड्यांत जातोय म्हणजे गळती शोधता येईल इतकी मोठी आहे, हे तुमच्या बाजूचं आहे. वर्षभरात हळूहळू जाणारा गॅस शोधताना आमची खरी दमछाक होते. गॅसबरोबर एसीचं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते, म्हणून आधी टॉर्च घेऊन तेलकट, काळे डाग शोधायचे : पाइपांचे जोड, कॉम्प्रेसरची पुढची सील, गॅस भरायच्या दोन व्हॉल्व्हची टोकं. किनाऱ्यावरच्या गाडीत मी सर्वात आधी कंडेन्सर बघतो. खारी हवा ॲल्युमिनियम खाते, पन्ह्यांवर पांढरी भुकटी दिसते, हात लावला की कणी पडते.

डोळ्यांना दिसलं नाही तर उरलेला गॅस काढून नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरायचा आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावायचा. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा भरू देऊ नका, तिच्यात बाष्प असतं आणि ते आत जाऊन नासधूस करतं. ऑक्सिजनचा सिलेंडर तर जवळही आणू देऊ नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. डॅशबोर्डमागच्या कॉइलची शंका असेल तर तो उतरवण्याआधी, गाडीत गॅस असतानाच, पाणी ठिबकणाऱ्या नळीच्या तोंडाशी गळती शोधणारं यंत्र धरायला सांगा. हा गॅस हवेपेक्षा तिपटीहून जड असतो, त्यामुळे कॉइल गळत असेल तर तो तिथूनच खाली उतरतो.

गळती बंद करणारं रसायन बाष्प लागलं की घट्ट होतं. आत कुठे बाष्प असेल तर ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्येच, म्हणजे कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्रातच घट्ट होईल. पुढे ज्या गॅरेजच्या मशीनमध्ये तुमचा गॅस काढला जाईल, ते मशीनही तुंबेल. अशी गाडी माझ्याकडे आली तर मला बरेचसे भाग बदलावे लागतात.

स्वस्त गॅसचं मला जास्त भय वाटतं. त्यात एलपीजीसारखा जळणारा वायू मिसळलेला असू शकतो. तुमची कॉइल गळत असेल तर तो कुठे येणार? तुमच्या प्रवाशांच्या पायाशी, बंद काचांच्या आत. काही भेसळींत मिथाइल क्लोराइड सापडतं, ते ॲल्युमिनियमशी रासायनिक क्रिया करतं आणि तुमच्या एसीचा बहुतेक भाग ॲल्युमिनियमचाच आहे. सीलबंद डबा तुमच्या समोर फोडला जात नसेल तर गॅस भरू नका.

आणि दर महिन्याला भरत राहण्याचा हिशेब नुसता रुपयांचा नाही. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, म्हणून जुन्या आर-१२ च्या जागी तो आला. पण वातावरणात सुटला की तो कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे १३०० ते १४०० पट उष्णता अडकवतो. ४५० ग्रॅमचा एक डबा हवेत गेला म्हणजे साधारण अडीचशे लिटर पेट्रोल जाळल्याइतकं झालं. म्हणूनच २०१६ च्या किगाली करारात हे वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं आणि २०२१ मध्ये भारतानेही त्याला मान्यता दिली. समुद्राच्या काठावर राहणाऱ्या माणसाला वाढत्या उष्णतेचं मी काय वेगळं सांगणार?

गळती सापडली की दुरुस्ती नीट करून घ्या. आतलं बाष्प शोषून घेणारा रिसीव्हर ड्रायर बदला. काही गाड्यांत तो कंडेन्सरलाच जोडलेला असतो, मग कंडेन्सरसोबतच येईल. निघालेलं तेल मोजून तेवढंच नवं, कॉम्प्रेसरला चालणाऱ्या जातीचं घाला. व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालू द्या, मग बंद करून पंधरा-वीस मिनिटं काटा हलतोय का ते बघा. हलला तर अजून कुठेतरी गळती आहे, गॅस भरू नका. नाही हलला तर वजनाने भरा.

कॉइलच दोषी निघाली तर डॅशबोर्ड उतरवावा लागेल आणि गाडी एक-दोन दिवस उभी राहील. मे महिन्याच्या सीझनमध्ये ते अंगावर येईल, ठाऊक आहे. तोवर एसी न लावता भाडं घ्यावं लागलं तर प्रवाशांना आधीच सांगा. कंडेन्सर मात्र आजपासून दर आठवड्याला गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार पंपाने नको, पन्ह्या दुमडतात. आणि काम होईल तेव्हा जोडांच्या जुन्या ओ-रिंगा पुन्हा बसवू देऊ नका. नव्या आणायच्या, आणि बसवण्याआधी त्यांना एसीचंच तेल लावायला सांगायचं.